हँडल उंच केलं तरी हाताला मुंग्या येतातच? मग उंची नाही, अंतर मोजा

कोल्हापूरहून पहाटे पुण्याला निघालो की किणीचा टोलनाका, पेठनाका इथवर सगळं झकास असायचं. कराड ओलांडलं की उजव्या हाताची करंगळी झोपायची. उंब्रज येईस्तोवर शेजारचं बोटही अर्धं जायचं. अर्धं म्हणजे खरोखर अर्धं, करंगळीकडची बाजू तेवढी बधिर. साताऱ्याला चहाला उतरलं की पाच मिनिटांत हात जाग्यावर. परत गाडीवर बसलं की खंबाटकीच्या आत पुन्हा तेच.

ह्या एका करंगळीपायी मी दोन वर्षांत तीन हँडलं घेतली. आज माळ्यावर तीन पडलीत, एक मूळचं आणि दोन माझ्या हौसेची, आणि चौथं गाडीवर आहे. गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, कारण हेच दुखणं मी चार वेगवेगळ्या गाड्यांवर बसलेल्या चार माणसांकडून ऐकलंय, आणि चौघांचा उपायही एकच होता: "उंच हँडल टाकतो." दोघांनी टाकलं. दोघांचे हात अजून झोपतात, वर आता कंबरही दुखते.

गडबड कुठं होते ते सांगतो. हात दुखला की आपल्याला वाटतं आपण फार वाकतोय, म्हणून हँडल वर पाहिजे. बहुतेक वेळा हँडल वर नको असतं, जवळ हवं असतं. दुकानात मात्र हँडल उंचीवरच विकलं जातं, कारण भिंतीला टांगल्यावर उंचीच दिसते. ते मागे किती येतं हे टांगलेल्या हँडलात कळतच नाही.

कुठं दुखतंय ते आधी नीट बघा

"हात दुखतो" एवढ्यानं काही कळत नाही. गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं नेमकी जागा शोधा.

करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू झोपत असेल तर तळहाताच्या करंगळीकडच्या गादीवर भार येतोय. त्या बाजूनं जाणारी नस मनगटापाशी एका अरुंद जागेतून जाते आणि तिथंच दाबली जाते. सायकलवाल्यांना हे जुनं दुखणं माहीत आहे. याचं कारण बहुतेकदा असं की हँडल लांब आहे, किंवा त्याची टोकं फार सरळ आहेत, किंवा सीट पुढे उतरती आहे आणि तुम्ही हातांवर टेकून बसलाय.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जात असेल तर नस वेगळी आणि कारणही वेगळं. मनगट वरच्या बाजूला मुडपलेलं राहतंय. इथं हँडलाला हात लावायच्या आधी क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोन बघा.

फक्त उजवा हात झोपतो? मग रेस मुठीत आवळून धरली जातेय. केबल कोरडी असेल, मूठ जड फिरत असेल, तर माणूस नकळत दुप्पट जोर लावतो. फक्त डावा दुखत असेल तर क्लच जड आहे. केबल बदला, हँडल राहू द्या.

दोन्ही हात आणि तेही ठरावीक वेळी झिणझिणत असतील तर तो थरथरीचा मामला आहे. त्याची एक सोपी परीक्षा आहे. चौथ्या गिअरला ज्या वेगाला थरथर येते, त्याच वेगाला पाचव्यात चालवा. थरथर तशीच राहिली तर चाक, टायर किंवा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासा. गिअर बदलल्यावर गेली आणि इंजिन पुन्हा त्याच आरपीएमला आल्यावर परत आली, तर ती इंजिनची.

दोन खांद्यांच्या मधे, पाठीच्या वरच्या भागात ओढ बसत असेल तर हँडल एक तर लांब आहे, नाहीतर फार रुंद आहे. आणि माकडहाड दुखत असेल तर हँडल उंच आहे. यावर कुणी लवकर विश्वास ठेवत नाही. पण ताठ बसलं की अंगाचा सगळा भार बुडावर येतो आणि खड्ड्याचा दणका थेट मणक्यात जातो. थोडं पुढं झुकलेलं अंग तोच दणका जिरवतं.

आणि हो, गाडीवरून उतरूनही तास-दोन तास बोटं झोपलेलीच राहत असतील, किंवा रात्री हाताच्या मुंग्यांनी जाग येत असेल, तर मिस्त्रीकडे नाही, डॉक्टरकडे जा.

पैसे न घालवता करायच्या गोष्टी

माझं पहिलं नवं हँडल घ्यायच्या आधी मी हे काहीच केलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीनं तेव्हाच सांगितलं होतं, "भावा, आधी हाय तेच फिरवून बघ की." मला वाटलं, कामाचा कंटाळा करतोय.

पहिलं काम, हँडल वाकलंय का बघायचं. जुन्या पडझडीत हँडल सेंटिमीटरभर वाकलं तरी डोळ्याला दिसत नाही, पण एक हात रोज सेंटिमीटरभर पुढे राहतो. एकाच बाजूला दुखत असेल तर हा संशय आधी घ्या. मी ते काढून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं, कारण घरात तेवढी सपाट जागा दुसरी नाही. मधला सरळ भाग ओट्यावर दाबून धरायचा आणि दोन्ही टोकांची ओट्यापासूनची उंची मोजायची. आईनं ग्रीस लागलेलं हँडल पोळपाटाशेजारी बघितलं आणि पुढचं मोजमाप मला अंगणात करावं लागलं. माझं सरळ होतं. एका मित्राचं उजवीकडे चौदा मिलिमीटर वाकलेलं निघालं. त्याला नवं हँडल लागलं, पण अगदी तसंच, मूळच्या मापाचं. त्याचा प्रश्न तिथंच मिटला.

दुसरं, लिव्हर. गाडीवर नेहमीसारखं बसा, हात मुठींवर ठेवा, बोटं लिव्हरवर सरळ करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ आली पाहिजे. पुष्कळ गाड्यांवर लिव्हर जमिनीला समांतर बसवलेली असते, आणि मग ब्रेक धरताना प्रत्येक वेळी मनगट वर मुडपतं. लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून ती थोडी खाली झुकवा. दहा मिनिटांचं काम आहे. फक्त ब्रेक ऑइलची डबी फार कलली नाही ना, ते बघा.

तिसरं, हँडल आहे त्याच क्लॅम्पमधे, म्हणजे त्याला मधोमध धरून ठेवणाऱ्या पकडीत, फिरवणं. व्हाइटनरनं हँडलवर आणि क्लॅम्पवर एक सलग रेघ मारून ठेवा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. वरचे चार बोल्ट ढिले करा आणि हँडल तुमच्याकडे जरासं झुकवा. क्लॅम्पपाशी दोन मिलिमीटर फिरवलं तरी मुठीपाशी चांगला दीड-दोन सेंटिमीटर फरक पडतो. पण जास्त फिरवलं तर टोकं खाली लोंबतात आणि मनगट वेगळ्याच दिशेनं वाकतं. म्हणून थोडं फिरवा, पन्नास किलोमीटर चालवा, मग ठरवा.

चौथं म्हणजे सीट, आणि माझा अर्धा आजार इथंच होता. सीट पुढे उतरती असेल तर ब्रेक मारला की माणूस टाकीकडे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत राहतो. दिवसभर. मी सीटच्या पुढच्या रबरी बुशखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या घड्या घालून ती बारा मिलिमीटर उचलली. दिसायला भिकार, पण करंगळी कराडऐवजी साताऱ्यापर्यंत टिकली. गुडघ्यांनी टाकी धरायची सवय लावली तर आणखी पुढं जाते.

मागे बायको आणि दोन बाजूंना बॅगा असतील तर गाडी मागून दबते, तुम्ही मागे झुकता आणि तेच हँडल अचानक लांब वाटायला लागतं. एकट्यानं जाताना हात ठीक आणि जोडीनं जाताना दुखतो अशी तक्रार असेल, तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, दोन घरं कडक करून बघा. हँडलाचा त्यात काही दोष नाही.

हँडलाची मापं

एवढं करूनही दुखतंय, मगच हँडल. आणि दुकानात जाताना पाच मापं लिहून न्यायची.

आधी जाडी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल २२.२ मिलिमीटर जाडीचं असतं. मोठ्या क्रूझरवर २५.४ असतं. ॲल्युमिनियमची जी जाडजूड हँडलं मिळतात ती क्लॅम्पपाशी २८.६ असतात आणि टोकांना निमुळती होत २२.२ वर येतात, म्हणजे मुठी-स्विच जुनेच बसतात, पण क्लॅम्प नवा घ्यावा लागतो. व्हर्निअरनं मोजा. २२.२ च्या जागी बारीक नळी घेऊन कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळून बसवलेलं हँडल मी पाहिलंय. घाटात मुठीवर जोर आल्यावर ते फिरलं तर काय होईल याचा विचार करून बघा.

रुंदी म्हणजे टोकापासून टोकापर्यंत. उंची म्हणजे क्लॅम्पच्या मध्यापासून मुठीच्या टोकापर्यंत उभं अंतर. ओढ, ज्याला दुकानात पुलबॅक म्हणतात, ते टोक क्लॅम्पपासून मागे किती येतं ते आडवं अंतर. शेवटचं, आणि हमखास विसरलं जाणारं, माप म्हणजे टोकाचा सरळ भाग: मूठ, स्विच आणि लिव्हरचा क्लॅम्प तिन्ही मावायला नळी किती लांब सरळ आहे. ती कमी पडली तर लिव्हर वळणावर जाऊन बसते आणि कधीच नीट आवळली जात नाही. मधल्या क्लॅम्पचा सरळ भागही बघून घ्या. क्लॅम्प रुंद असलेल्या गाडीवर छोट्या गाडीचं हँडल बसत नाही.

माझ्या चारही हँडलांची मापं अशी. मूळचं: रुंदी ८००, उंची ९५, ओढ १००. पहिलं घेतलेलं: ८४०, ७०, ५५. दुसरं: ७८०, १८०, १२०. आणि आता गाडीवर आहे ते: ७६०, ११०, १५०. सगळी मिलिमीटरमधे. आता कागदावर बघितलं की मूर्खपणा लख्ख दिसतो.

पहिलं मी नुसतं देखणं म्हणून घेतलं, मातीतल्या गाड्यांना असतं तसं, मधे आडवी दांडी असलेलं. ओढ ५५. म्हणजे मुठी माझ्यापासून साडेचार सेंटिमीटर आणखी लांब गेल्या, वर रुंदीही वाढली. उभं राहून खडकाळ रस्त्यावर चालवायला तसलं हँडल उत्तमच, ते त्यासाठीच असतं. मी बसून हायवेवर चालवतो. पहिल्याच फेरीत करंगळीला खांदा येऊन मिळाला.

मग उलट टोकाला गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे घ्या, राजासारखं बसाल." १८० उंची. बसलो राजासारखाच, पण ऐंशीच्या वर गेलं की छाती शिडासारखी वारा धरायची आणि मी हँडलाला लोंबकळत असायचो. त्यानं मूठ आणखी आवळली गेली. म्हणजे करंगळी होतीच, वर कंबर आली.

आणि एक भयंकर गोष्ट घडली. आंबा घाट उतरून साखरप्याला चहाच्या टपरीसमोर गाडी वळवत होतो. हँडल पूर्ण डावीकडे केलं आणि माझ्या हातात काही नसताना रेस वाढली. गाडी चालूच होती, क्लच सोडत आलो होतो. टपरीच्या बाकड्याला पुढचं चाक लागलं आणि थांबली. दोन ग्लास फुटले, त्याचे पैसे दिले. कारण सरळ होतं: हँडल साडेआठ सेंटिमीटर वर गेलं, केबल जुनीच राहिली, आणि पूर्ण वळवल्यावर ती ताणून रेस ओढत होती. बसवणाऱ्यानं तपासलं नाही, आणि मीही नाही.

आपलं माप कसं काढायचं

तिसऱ्या वेळी मात्र आधी मोजलं. गाडी मधल्या स्टँडवर, पायदानावर पाय, नेहमीची सीट, अंगात नेहमीचं जॅकेट. डोळे मिटून खांदे सैल सोडायचे आणि हात पुढे करायचे, जणू हँडल आहेच. कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे, ताठ हात म्हणजे अंतर जास्त. घरच्या कुणाला तरी मूळच्या मुठीपासून तुमची मूठ किती मागे, किती वर आली ते टेपनं मोजायला सांगा. माझ्या पोरीनं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा मागे चार ते सहा सेंटिमीटर आलं, आणि वर एक-दीडच.

टोकांच्या कोनासाठी आणखी एक खेळ आहे. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरा, तळवे खाली, हात सैल सोडून पुढे. पेन्सिली एका रेषेत राहणार नाहीत. बाहेरची टोकं तुमच्याकडे वळतात. हँडलाची टोकं साधारण तशीच वळलेली हवीत. सरळ दांडीसारखं हँडल धरलं की तेवढा कोन मनगटाला भरून काढावा लागतो, आणि तो भार तळहाताच्या बाहेरच्या कडेवर येतो. माझ्या करंगळीचं मूळ इथं होतं.

एवढ्यावर समाधान नव्हतं म्हणून वायरिंगला लागते ती वीस मिलिमीटरची पीव्हीसी नळी आणली. इलेक्ट्रिशियनकडच्या गरम हवेच्या गननं मऊ करून मापाप्रमाणे वाकवली, मधे टेपचे वेढे दिले आणि क्लॅम्पमधे धरून बसलो. फक्त बसलो, गाडी स्टँडवरच. अर्धा तास तसाच मोबाइल बघत. शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजलं असेल, पण चाळीस रुपयांत कळलं की ओढ १५० च्या आसपास हवी आणि रुंदी कमी चालेल. तेव्हा कुठं पुण्यात नाना पेठेत जाऊन टेपसकट दुकानात शिरलो. चौथ्या दुकानात मिळालं. साधं क्रोमचं, लोखंडी, कुणी वळून बघणार नाही असं.

लोखंडी की ॲल्युमिनियम, असं विचाराल तर लांबच्या प्रवासाला मी लोखंडीच म्हणेन. पडलं तर वाकतं आणि घरापर्यंत आणतं. ॲल्युमिनियमचं हलकं असतं, पण एकदा वाकलं की सरळ करून वापरायचं नसतं, त्यात तडा राहू शकतो.

हँडलाऐवजी रायझर, म्हणजे हँडलाखाली बसवायचे ठोकळे, लावून भागतं का? मूळ हँडलाचा कोन आवडत असेल आणि फक्त जागा बदलायची असेल तर भागतं. नुसते वर नेणारे नको, मागे आणणारे घ्या. केबलचा प्रश्न त्यातही तसाच राहतो.

बसवताना

टाकीवर गोधडी टाका. निसटलेलं हँडल टाकीवरच पडतं. काढण्याआधी केबल कुठून कशा गेल्यात त्याचे फोटो घ्या, चारही बाजूंनी.

स्विचच्या डब्यात आतून एक छोटी पिन असते, आणि ती हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलाला ते भोक नसतं. कितीतरी जण ती पिन घासून टाकतात. तसं करू नका. रेसचा डबा पिनेशिवाय फिरू शकतो, आणि रेस आपोआप वाढणं म्हणजे काय ते मला साखरप्यात कळलंय. आधी हँडल, लिव्हर, स्विच सगळं तात्पुरतं लावून बसून बघा, कोन पक्का करा. मग पिनेच्या टोकाला रंगाचा ठिपका देऊन डबा दाबा, खूण उमटते, तिथं पिनेच्या मापाचं भोक पाडा. घाईनं आधीच पाडलं तर दुसरं पाडावं लागतं, आणि हँडल म्हणजे चाळणी नव्हे.

क्लॅम्पचे बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा. काही गाड्यांना पुढची फट पूर्ण बंद करून मागची ठेवायची असते, काहींना दोन्ही सारख्या. हे गाडीच्या मॅन्युअलमधे असतं, आणि किती आवळायचं तेही. माझ्याकडच्या आठ मिलिमीटरच्या बोल्टांना २२ न्यूटन मीटर आहे. टॉर्क पाना नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. क्लॅम्प ज्यावर बसतो ती टी बहुतेकदा ॲल्युमिनियमची असते, तिचे आटे गेले की खर्च हँडलाच्या चौपट.

डिस्क ब्रेकची नळी ताणली जात असेल तर लांब नळी घ्या, ओढून-ताणून बसवू नका. नळीचा बोल्ट उघडला की तांब्याचे दोन्ही वायसर नवे. डबीवर लिहिलं असेल तेच ऑइल, बहुतेक डॉट ४. हवा काढल्यावर लिव्हर दगडासारखी लागली पाहिजे. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, ते रंग खातं.

माझ्या नव्या हँडलाला उंची फार वाढलेली नसल्यानं केबली जुन्याच पुरल्या. फक्त क्लचची केबल हेडलाइटच्या मागून न नेता बाजूनं नेली. उंची चार-पाच सेंटिमीटरच्या वर वाढवणार असाल तर लांब केबलचे पैसे आधीच धरून चाला.

सगळं झाल्यावर गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमधे, इंजिन चालू. हँडल सावकाश पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. आवाज तसूभरही बदलता कामा नये. बोटं टाकीत चेपत नाहीत ना, ब्रेकची नळी कुठं अडकत नाही ना, हॉर्न दाबल्यावर वाजतो ना, बघा. रेसला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

मूळचं हँडल विकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल करण्याबद्दल आहे. साध्या, मापातल्या हँडलाला आमच्याकडे कुणी हटकलेलं नाही, पण खांद्यापेक्षा हात वर जातील अशा हँडलाला हटकतात. गाडी विकतानाही मूळचं विचारतात.

थरथरीचं काय

हँडल बदलल्यावर माझ्याकडे एक नवीच गोष्ट आली. साधारण साडेचार हजार आरपीएमला मुठी गुणगुणायला लागल्या. साडेचार हजार म्हणजे सेकंदाला पंचाहत्तर फेरे, आणि हातात तेच येत होते. जुन्या हँडलाला टोकांत वजनं होती, ती नव्यात बसेनात, नळीचं आतलं माप वेगळं.

उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक लेथवाले काका आहेत. त्यांच्याकडे हँडल आणि जुनं वजन दोन्ही घेऊन गेलो. त्यांनी नळीत बोट घालून बघितलं, व्हर्निअर लावला आणि म्हणाले, "सतराचा रॉड बसतोय बघा." १७ मिलिमीटर जाडीचा, ६० लांबीचा लोखंडी तुकडा साधारण १०७ ग्रॅम भरतो. त्याला बाहेर दिसणारं डोकं धरून दीडशेच्या वर गेलं. आतून रबरी बुश फुगवून घट्ट बसेल असं आट्यांचं काम करून दिलं. गुणगुण पूर्ण गेली नाही, पण ती साडेचारवरून बरीच खाली सरकली, आणि तिथं मी फार वेळ चालवतच नाही.

नळीत वाळू भरायचा सल्ला मलाही मिळाला होता. ओल धरते आणि आतून गंज येतो. जाड फोमच्या मुठींचाही फार भरवसा धरू नका. मोठ्या हाताला त्या बऱ्या, पण माझ्यासारख्या छोट्या पंजाला जाड मूठ धरायलाच जास्त जोर लागतो. तळव्याला जाड जेल असलेले ग्लव्ह्जही तसेच. माझ्या बाबतीत ते जेल नेमकं नसेवरच दाबायचं. पातळ चामड्याचे बरे निघाले.

परवा पुण्याला जाऊन आलो. खंबाटकी, शिरवळ, कात्रज, सगळं पार. करंगळी जागी होती. परतीला मात्र कराडच्या पुढं, दोनशे किलोमीटर झाल्यावर, उजवा अंगठा जरासा जड झाला. रेसची केबल कोरडी झालीय, हा आता वेगळा विषय, या रविवारी तेल घालतो.

शिल्लक राहिलेत ते आरसे. हँडल अरुंद आणि मागे आल्यामुळं दोन्ही आरशांत आता माझीच कोपरं दिसतात, मागचा ट्रक नाही. आरशांच्या दांड्या पाच सेंटिमीटर बाहेर काढणारे तुकडे मिळतात, पण माझ्या गाडीच्या उजवीकडच्या आरशाला उलटे आटे आहेत आणि दुकानात दोन्ही तुकडे एकाच आट्यांचे निघाले. लेथवाल्या काकांना फोन केलाय. सोमवारी बंद असतं, मंगळवारी या म्हणालेत.